धावत्या होडीचा गळ

आमच्या गावच्या तळ्यावर लहानपणी मी गळ टाकून बसत असे. बांबूची काठी, आईच्या शिवणाच्या डब्यातील दोरा, टाचणी वाकवून केलेला आकडा आणि कणकेची गोळी, एवढीच माझी सामग्री. पकडायचा होता मरळ मासा. कारण त्याच्या धिप्पाडपणाच्या गोष्टी मी मोठ्या मुलांकडून ऐकल्या होत्या. तीन दिवस बसलो, पण मरळ काही आला नाही. काठावर जाळे वाळत घालणारे एक वृद्ध भोई माझा उद्योग रोज पाहत असत. तिसऱ्या दिवशी ते जवळ येऊन म्हणाले, "पोरा, गळ बेस हाय तुजा, पर माशाला इचारून आनलास का?"

त्या वेळी मला त्यांचे बोलणे थट्टेचे वाटले. पुढे कळले, की मासेमारीच्या साधनांची निवड करण्याचे सारे शास्त्र त्या एका प्रश्नात सामावलेले आहे. मरळ हा शिकारी मासा आहे. बेडूक आणि लहान मासे हे त्याचे अन्न. माझ्या कणकेच्या गोळीकडे तो कशाला पाहील?

मुलांनो, माशाचे तोंड नीट पाहिले, तर तो कोठे व काय खातो हे पुष्कळदा सांगता येते. कटला माशाचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव टिपतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असते. तो तळाचा गाळ चाळीत फिरतो. रोहू या दोघांच्या मधल्या पाण्यात चरतो. हे मासे कोणाचा पाठलाग करीत नाहीत. त्यांच्यासाठी स्थिर गळ आणि कणकेचे आमिषच योग्य. परंतु जे मासे दुसऱ्या माशांमागे धावतात, त्यांना पळणारी वस्तूच मोहात पाडते. म्हणून होडी चालती ठेवून तिच्यामागे लांब दोरी सोडावयाची व दोरीच्या टोकाशी आमिष ओढीत न्यावयाचे, अशी एक रीत जगभर रूढ झाली. इंग्रजीत तिला ट्रोलिंग म्हणतात. आपण तिला ओढता गळ म्हणू.

ओढत्या गळाचे आमिष बहुधा खोटे असते. त्यातील एका प्रकाराला चमचा असेच नाव आहे. खाण्याच्या चमच्याची दांडी काढून टाकावी, तसा तो धातूचा चकचकीत, किंचित खोलगट तुकडा असतो. पाण्यातून ओढला की तो डावीउजवीकडे डुलतो व जखमी माशासारखा चमकतो. मात्र त्यासाठी होडीची गती जुळावी लागते. ती फार मंद असली तर चमचा नुसता लोंबत राहतो. फार जलद झाली तर तो डुलण्याऐवजी गरगर फिरू लागतो आणि दोरीला पीळ पडतो. हा पीळ दोरीत चढू नये म्हणून मध्ये एक फिरती कडी बसवितात. ही कडी नखाएवढीही नसते, पण ती नसेल तर तासाभरात दोरीचा असा गुंता होतो, की तो सोडविण्यातच सकाळ संपते.

आता आपल्याकडील तलावाचा विचार करू. पुणे जिल्ह्यातील लोणावळ्याजवळ वळवण नावाचा तलाव आहे. महाशीर माशाची पैदास करण्याचे तेथील केंद्र गेली अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. महाशीर हा आपल्या गोड्या पाण्यातील मोठा बलवान मासा. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात. शंखशिंपले व खेकडे तो त्या दातांनी भरडून खातो. तेव्हा दोरी कापली जाण्याचे भय फारसे नसते. भय असते ते आकड्याचे. बारीक तारेचा आकडा महाशीर चिरडून सपाट करतो किंवा पहिल्याच धडकेत सरळ करून टाकतो. म्हणून त्याच्यासाठी आकडा जाड व पोलादी हवा, दोरी लांबलचक हवी आणि होडी वल्ह्यांनी हळूहळू चालविलेली बरी. धरणाच्या जलाशयात आणखी एक अडचण असते. पाणी साठण्यापूर्वीची झाडे व भिंती तळाशी तशाच बुडालेल्या असतात. होडी थांबली, की चमचा खाली बसतो आणि एखाद्या बुडालेल्या झाडात अडकून कायमचा जातो. जाणता मनुष्य म्हणूनच वळण घेतानाही वल्हे थांबवीत नाही.

दोरी पूर्वी कापसाची किंवा तागाची असे. ती कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागे. १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला आणि पुढे जगातील बहुतेक गळ व जाळी त्याचीच झाली. नायलॉन कुजत नाही, हा त्याचा गुण. आणि तुटून पाण्यात राहिलेला नायलॉनही कुजत नाही, हा त्याचा दोष. अशा तुकड्यांत पाय गुरफटलेले बगळे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. शिशाच्या वजनाचेही तसेच. शिसे जड आणि स्वस्त, पण विषारी. इंग्लंडमध्ये गळाची शिशाची लहान वजने गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली तेथे त्यांच्या वापरावर निर्बंध आले.

वजन लागते ते खोलीसाठी. आपल्या उथळ तलावांत त्याची फारशी गरज पडत नाही. परंतु अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांची गोष्ट निराळी. त्यांतील सुपीरिअर सरोवर सर्वांत खोल ठिकाणी ४०० मीटरांहून अधिक खोल आहे. उन्हाळ्यात अशा सरोवराचे थर पडतात. वरचे पाणी उन्हाने तापून हलके होते व वरच राहते; खालचे थंड आणि जड पाणी खाली राहते. तेथील ट्राउट माशाला सुमारे १० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते, म्हणून तो उन्हाळ्यात खोल उतरतो. तेथे नुसती लांब दोरी सोडून भागत नाही. मासेमार एक जड गोळा पोलादी तारेने खाली सोडतात व गळाची दोरी त्या गोळ्याजवळ चिमट्यात अडकवितात. माशाने झटका दिला, की दोरी चिमट्यातून सुटते आणि मासा वजनाशी नव्हे, तर थेट माणसाशी झुंजतो. मला तरी ही युक्ती फार सुंदर वाटते.

आपले मोठे पाणी म्हणजे अरबी समुद्र. मालवणच्या बाजूस एका शाळेत मी काही वर्षे नोकरीस होतो. तेथे एका विद्यार्थ्याचे वडील मला पहाटे आपल्या होडीतून सुरमईच्या गळासाठी घेऊन गेले. तिकडे सुरमईला इसवण म्हणतात आणि गळाच्या आकड्याला गरी. मी मोठ्या हौसेने माझी तलावावरची सामग्री बरोबर घेतली होती. त्यांनी ती पाहिली, पण माझा मान राखून काही बोलले नाहीत. होडी माणूस धावतो तितक्या वेगाने चालली होती. अचानक माझ्या दोरीला हिसका बसला आणि पुढच्याच क्षणी ती सैल पडली. ओढून पाहतो तो टोक सुरीने छाटल्यासारखे! तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, इसवणीच्या तोंडात कातर आसा."

सुरमईचे दात खरोखरच कात्रीच्या पात्यांसारखे असतात. बांगडे आणि तारली यांच्या थव्यांवर ती वेगाने झडप घालते. म्हणून तिच्या गरीच्या वर हातभर पोलादी तार जोडावी लागते. महाशीरासाठी जाड आकडा, सुरमईसाठी तार. तलावावरची साधने समुद्रात का चालत नाहीत, हे मला त्या दिवशी तुटलेल्या दोरीने शिकविले.

नावांचा एक घोटाळा येथेच दूर करू. ट्रोलिंग निराळे आणि ट्रॉलिंग निराळे. ट्रॉलिंगमध्ये यांत्रिक बोट पिशवीसारखे मोठे जाळे समुद्राच्या तळावरून ओढीत नेते. मार्गात जे जे येईल ते ते त्यात शिरते; कोळंबीबरोबर माशांची पिल्लेही येतात. ओढत्या गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तो बहुधा जिवंत हाती येतो. लहान असेल तर परत सोडता येतो. जाळ्याच्या बाबतीत ही निवड आधीच करावी लागते, ती त्याच्या आसाने. आस म्हणजे जाळ्याचे छिद्र. आस मोठा ठेवला, तर पिल्ले निसटून जातात. बारीक ठेवला, तर पुढच्या वर्षीचे मासे याच वर्षी टोपलीत येतात. महाराष्ट्रात पापलेटाचे उत्पन्न घटू लागले, त्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. २०२३ साली रुपेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आले. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. तुमच्या कंपासपेटीतील पट्टी साधारणपणे १५० मिलिमीटरांची असते; तिच्यावर हे माप खूण करून पाहा.

त्या सकाळी आम्हांला अखेर दोन सुरमया मिळाल्या. दोन्ही त्यांच्या गरीला लागल्या, माझ्या नव्हे. परत येताना त्यांनी तारेचे एक वेटोळे माझ्या हातात ठेवले व तिचा फास कसा वळावा हे दाखविले. माझ्या बोटांना तो जमेपर्यंत किनारा आला होता.