जाळीतली वाकडी सळई

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये बाल्कनीला लोखंडी जाळी नसलेलं घर शोधावं लागतं. करुणामयीजवळच्या माझ्या मावशीच्या घरालाही ती आहे. शेजारची बंगाली मुलं तिला 'माशीमा' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात ती मला म्हणाली, "अरे, मधली सळई वाकलीय बघ, कुणाला तरी बोलाव." सळई सरळ होती. दुपारी उजव्या कुशीवर पडलं की उशीत उजवा डोळा झाकला जायचा आणि सळई वाकायची. उठून बसलं की पुन्हा सरळ. दोष होता डाव्या डोळ्यात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो, आणि इथेच माणूस फसतो.

मोतीबिंदू आपल्याकडे घरोघरी ठाऊक, काचबिंदूही ऐकलेला. या दुखण्याला मात्र घरगुती नाव नाही, त्यामुळे 'नंबर वाढला असेल' म्हणण्यात महिने जातात. डॉक्टर त्याला 'एएमडी' म्हणतात: वयोमानानुसार होणारी पीतबिंदूची झीज. पीतबिंदू म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध असलेला जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही कामं त्याची. कडेकडेचं पाहायला बाकीचा पडदा असतो. म्हणून हा रोगी घरभर धडपडल्याशिवाय फिरतो, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचं तोंडच त्याला दिसत नाही.

पडद्यातल्या पेशी रोज थोडा कचरा टाकतात आणि खालचा थर तो उचलतो. वय वाढलं की ही झाडलोट मंदावते आणि पिवळसर ठिपके साचतात; त्यांना ड्रुझेन म्हणतात. हा झाला कोरडा प्रकार. शंभरातले ऐंशी-नव्वद रोगी याच प्रकारचे, आणि तो वर्षानुवर्षं सावकाश सरकतो. ओल्या प्रकारात पडद्याखालून नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात. साचलेल्या पाण्याने पडदा उचलला जातो, पेशी जागच्या हलतात आणि सरळ रेघ वाकडी दिसते. हे दिवसांचं, फार तर आठवड्यांचं काम. सळई वाकली की पुढच्या महिन्यातल्या लग्नानंतर दाखवू, असं म्हणायचं नाही.

तपासणीत ओसीटी नावाचं यंत्र डोळ्याला स्पर्शही न करता प्रकाशाच्या मदतीने पडद्याचे थर दाखवतं, चिरोट्याचे पदर दिसावेत तसे. त्यात मावशीच्या पडद्याखाली पाण्याची काळी फट स्पष्ट दिसली.

मग इंजेक्शन. 'डोळ्यात सुई' ऐकूनच तिने देव पाण्यात ठेवले. प्रत्यक्षात आधी बधिर करणारे थेंब, मग जंतुनाशक, पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चाप, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, बारीक सुई. औषध एका थेंबाएवढं, 0.05 मिलिलिटर. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो. नंतर दिवसभर काळे बुडबुडे तरंगताना दिसू शकतात, त्यांना घाबरू नये. पण पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना परत गाठायचं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर डोळा घेतो.

हे औषध रक्तवाहिन्यांना वाढण्याचा निरोप देणारं प्रथिन अडवतं. अशा औषधांपैकी बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत 2004 साली परवानगी मिळाली ती आतड्याच्या कर्करोगासाठी. वर्षभरात डॉक्टरांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं. खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये आलं, कितीतरी महाग. 2011 मध्ये दोघांची तुलना झाली तेव्हा दृष्टीच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखी निघाली. तेव्हा 'स्वस्तातलं चालेल का?' असं डॉक्टरांना विचारायला लाजू नये. सहसा सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, मग डोळा कोरडा राहील तसं अंतर वाढवत न्यायचं. मोतीबिंदूसारखं एकदाच करून मोकळं होता येत नाही, आणि मधेच कंटाळणारेच अधिक गमावतात.

परदेशी लेकरांकडून गोळ्यांच्या बाटल्या येतात, तशा मावशीकडेही आल्या. ल्युटीन 10 मिलिग्रॅम, झियाझँथिन 2 मिलिग्रॅम, शिवाय क आणि ई जीवनसत्त्वं, जस्त, तांबं, हे मिश्रण मधल्या टप्प्यातल्या रोग्याचा पुढचा धोका कमी करतं. गेलेली नजर आणत नाही, आणि निरोगी डोळ्याला त्याची गरज नाही. धूम्रपान करणाऱ्याने, सोडलेल्यानेही, बीटा-कॅरोटीन असलेली जुनी गोळी टाळावी. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शेजारीण मौरला माशाची वाटी आणून देते, 'डोळ्यांना चांगला' म्हणून. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर, रातांधळेपणाला उत्तम. हे दुखणं मात्र वेगळं. तरी मासा आणि पालक ताटात असावाच, आणि मौरला चवीलाही झकास.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवावी. नजर बरीच गेलेल्या म्हाताऱ्यांना कधी भिंतीवर वेलबुट्टी, कधी अनोळखी माणसं दिसतात. चार्ल्स बॉनेट या स्विस अभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवलं. ते वेड नव्हे. चित्रं कमी पोहोचू लागली की मेंदू स्वतःच काढतो.

फ्रीजवर आता चौकटींचा कागद चिकटवलाय, मार्क ॲम्सलरची जाळी. रोज सकाळी चष्मा लावून, तीस सेंटिमीटरवरून, एक डोळा झाकून मधला ठिपका पाहायचा, मग दुसऱ्याने. मावशी तो पाहते, आणि चहा घेऊन बाल्कनीतही जाते. डाव्या डोळ्याला सळई अजून किंचित वाकडी दिसते. तिसऱ्या इंजेक्शननंतर होती, तेवढीच.