टिपणवहीची तालीम

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियांड बेटांवर दोन मुक्काम मिळून जवळजवळ दोन वर्षं राहिले. गावातच तंबू ठोकला, तिथली भाषा शिकले, रोज लिहीत गेले. त्यातून १९२२ साली जे पुस्तक आलं, त्याने लोकांत राहून लोकांविषयी लिहिण्याच्या कामाचं, म्हणजे एथ्नोग्राफीचं, माप ठरवून टाकलं. त्या मापाने पाहिलं तर आज ठिकठिकाणी भरणारे एथ्नोग्राफीचे दहा-पंधरा दिवसांचे अभ्यासवर्ग म्हणजे थट्टाच. एवढ्या दिवसांत गाव तुम्हाला मनापासून चहासुद्धा विचारत नाही.

तरी हे वर्ग भरावेत असं मला वाटतं. एखादा समाज समजून घेण्याएवढा वेळ त्यांच्याकडे नसतो, पण टिपण कसं लिहावं हे तेवढ्या दिवसांत शिकवता येतं, आणि या धंद्याची सगळी मदार टिपणांवरच असते.

अशा वर्गाचा दिवस साधारण असा जातो: सकाळी वाचन आणि वाद, दुपारी कुठेतरी जाऊन नुसतं बघत बसणं, संध्याकाळी लेखन. बसायची जागा मुद्दाम साधी निवडतात. एसटी स्टँड, भाजी मंडई, दाखल्यासाठी लागलेली कचेरीतली रांग. पहिल्या दिवशीच्या टिपणांत बहुतेकांनी निकालच लिहिलेले असतात. कंडक्टर उद्धट होता. म्हातारी घाबरलेली होती. शिकवणारा समासात एकच प्रश्न टाकतो: कशावरून? मग दुसऱ्या दिवशी वहीत येतं की कंडक्टरने सुटे पैसे मोजताना एकदाही मान वर केली नाही. म्हातारीने तिकीट दोनदा उलटसुलट करून शेजारच्या मुलीला दाखवलं. आता वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं. म्हातारी घाबरली होती, की चष्मा घरी राहिला होता?

मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांचा १९७३ सालच्या पुस्तकातला निबंध या वर्गांत हटकून वाचतात. पापणी आपोआप लवणं आणि कुणाला उद्देशून डोळा मारणं, दोन्ही कॅमेऱ्याला सारखंच दिसतं, हे त्यातलं उदाहरण गिर्ट्झ यांनी गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाकडून घेतलेलं. वाचताना सगळे माना डोलावतात. खरं पटतं ते मंडईतून आल्यावर, आपल्या पानावर नुसत्याच लवलेल्या पापण्या दिसतात तेव्हा.

नियम मोजकेच असतात, पण जाचक. जागेवर फक्त खुणेचे शब्द टिपायचे. सविस्तर टिपण त्याच रात्री लिहायचं. लिहिण्याआधी ते कुणाला रंगवून सांगायचं नाही, कारण सांगताना गोष्टीला आकार येतो आणि मग हात तोच आकार लिहितो. शब्दशः ऐकलं असेल तरच अवतरणचिन्हं घालायची. स्वतःचा तर्क वेगळ्या जागी ठेवायचा. तासभर पाहिलेलं नीट उतरवायला दोन-तीन तास सहज जातात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या रात्री निम्मा वर्ग कुरकुरतो. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर काय बिघडलं, असंही कुणीतरी विचारतंच. बिघडत काही नाही. फक्त बोलणं चालू असताना कोण मुकाट्याने उठून गेलं, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही.

टिपणांचं मोल सांगायला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची हकिगत पुरेशी आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. पुस्तकात त्यांनी त्या गावाला रामपुरा हे टोपणनाव दिलं. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ते काम करत होते तिथे कुणी आग लावली आणि वर्षानुवर्षं बसून लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणींवर भिस्त ठेवून पुस्तक लिहिलं. ते १९७६ साली आलं आणि गाजलं. टिपणं नसली तरी चालतं, असा सोयीचा अर्थ काही विद्यार्थी यातून काढतात. पण एकदा लिहिलेलं, मग वर्षानुवर्षं चाळलेलं, लावलेलंच इतकं आठवतं, हे ते विसरतात.

थोड्या दिवसांच्या बाजूने साक्ष द्यायला आपल्याकडे इरावती कर्वे आहेत. दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालून त्यांनी वारीवर लेख लिहिला. १९६२ साली तो इंग्रजीत आला. वाट पंधरवड्याची. एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या, हे त्यांनी लिहिलं. आपण मराठा बायकांत जेवल्यावर त्या कशा मोकळ्या झाल्या, हेही लिहिलं. पाहणारी बाई स्वतः त्या चित्रात आहे, आणि तिची अस्वस्थताही. मात्र हा पंधरवडा सुरू होण्याआधी महाराष्ट्रात हिंडण्यात आणि माणसं पाहण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. अभंग तर कानावरचेच.

वर्गाला येणाऱ्या सगळ्यांची एवढी शिदोरी नसते. कुणी परप्रांतातून येतो, त्याला मंडईतली मराठी कळत नाही. तो दुभाष्या बरोबर घेतो आणि वहीत दुभाष्याची वाक्यं भाजीवाल्या बाईच्या नावावर चढतात. चांगला शिकवणारा तिथे समासात नवा प्रश्न लिहितो: हे कोण बोललं? आणि पान परत लिहायला लावतो.