हँडीकॅम निवडताना : झूम, सेन्सर आणि आवाज
(लेखांक सहावा)

घरगुती चित्रणासाठी कॅमकॉर्डर घ्यावा की नाही, हे चित्रित करायची व्यक्ती किती दूर असते त्यावर ठरते. बारसे, वाढदिवस, गणपतीची आरती, हळदीकुंकू हे सगळे चार-पाच मीटरच्या आत घडते आणि तिथे चांगला मोबाइल पुरतो. शाळेचे स्नेहसंमेलन, अरंगेत्रम, एकांकिका स्पर्धा किंवा मैदानावरचा सामना असला की गोष्ट वेगळी होते. मूल रंगमंचावर आणि पालक पंधराव्या रांगेत. मधले अंतर सहज वीस मीटर भरते. ‘हँडीकॅम’ हे सोनी कंपनीने १९८५ मध्ये आणलेले नाव आपल्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या कॅमकॉर्डरना चिकटले आहे. त्या हँडीकॅमची खरी गरज लागते ती अशा वीस मीटरच्या प्रसंगी.

हिशेब करून पाहिला की हे पटते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात साधारण २६ मिलिमीटर असते. मोबाइल आडवा धरला तर वीस मीटरवरचा सुमारे साडेपंधरा मीटर उंचीचा देखावा त्याच्या चौकटीत येतो. सव्वा मीटर उंचीचे मूल त्यात चौकटीचा जेमतेम बारावा हिस्सा व्यापते. बाकी सगळा पडदा, दिवे आणि पुढच्या रांगांतली डोकी. महागड्या मोबाइलमध्ये पाचपट झूमची वेगळी लेन्स असते. तिची फोकल लेंग्थ १२० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीची उंची साडेतीन मीटरच्या थोडी आत येते आणि मूल तिचा तिसरा हिस्सा भरून टाकते. हे वाईट नाही. पण ५०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स असेल तर चौकटीत फक्त ८० सेंटिमीटर उंची उरते. मग कमरेपासून डोक्यापर्यंतचे मूल पडदाभर दिसते, कपाळावरची चंद्रकोर दिसते, गाण्याचे शब्द विसरल्यावर शेजारणीकडे टाकलेला कटाक्षही दिसतो. आईवडिलांना पुढे वीस वर्षांनी पाहायचे असते ते हेच.

हा झूम ऑप्टिकल असायला हवा. ऑप्टिकल झूममध्ये लेन्समधली भिंगे सरकतात आणि सेन्सरवर पडणारी प्रतिमाच मोठी होते. डिजिटल झूममध्ये आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो. तपशील नव्याने मिळत नाही, उलट विरतो. खोक्यावर ठळक छापलेला शेकड्यांतला आकडा डिजिटल झूमचा असतो. ऑप्टिकल झूमचा आकडा बहुधा लेन्सच्या कड्यावर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत सापडतो, आणि निवडीसाठी तोच खरा. कॅमेरा घरी आल्यावर मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करून ठेवणे उत्तम.

झूम जितका जास्त तितका कॅमेरा चांगला, असेही मानता येत नाही, कारण झूमची किंमत सेन्सरच्या आकारात मोजावी लागते. सोनीचीच तीन मॉडेले शेजारी ठेवली की हा व्यवहार दिसतो. एचडीआर-सीएक्स४०५ मध्ये १/५.८ इंच प्रकारचा छोटा सेन्सर आणि ३० पट झूम आहे. एफडीआर-एएक्स५३ मध्ये १/२.५ इंच प्रकारचा सेन्सर आणि २० पट झूम. एफडीआर-एएक्स७०० मध्ये १ इंच प्रकारचा सेन्सर आणि फक्त १२ पट झूम. मोठ्या सेन्सरवर तितकीच जवळची प्रतिमा पाडायची तर लेन्स लांब आणि जाड करावी लागते, मग यंत्र हातात मावत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या सेन्सरच्या क्षेत्रफळात वीसपटीहून अधिक फरक आहे, म्हणून कमी उजेडात छोटा सेन्सर लवकर हार मानतो. काळ्या पडद्यावर रंगीत दाणे नाचू लागतात, गडद निळी साडी आणि काळी साडी सारखीच दिसू लागते. उन्हातल्या क्रीडादिनासाठी छोटा सेन्सर आणि मोठा झूम चालतो. सभागृहासाठी मधला पर्याय सर्वांत समंजस आहे.

मेगापिक्सेलचा आकडा मात्र खुशाल दुर्लक्षावा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू असतात. ४के चित्रात सुमारे ८३ लाख. त्यावरचे मेगापिक्सेल स्थिर छायाचित्रांसाठी मोजलेले असतात, आणि त्या कामाला मोबाइल अधिक बरा. ४केचा घरगुती फायदा एवढाच, की चित्रणाचा मधला निम्म्या रुंदीचा भाग कापून घेतला तरी फुल एचडी दर्जा शिल्लक राहतो.

सभागृहातल्या प्रकाशाची आणखी एक खोड असते. मागे काळा पडदा, पुढे प्रखर दिव्याखाली एकटी नर्तिका, असा देखावा स्वयंचलित कॅमेऱ्याला अंधारा वाटतो. तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. जळालेला चेहरा नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही. यावर उपाय म्हणून अनेक मॉडेलांत ‘स्पॉटलाइट’ नावाची सोय असते, किंवा पडद्यावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली आणता येते. ही सोय आहे का आणि ती दोन टिचक्यांत सापडते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणाऱ्यांनी विजेचा विचार करायला हवा. भारतात वीजप्रवाह ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. भारतात विकले जाणारे कॅमेरे जुन्या पाल पद्धतीला धरून सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे घेतात आणि या लुकलुकीशी जुळतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आणि पद्धत एनटीएससी, म्हणून तिथले कॅमेरे ३० किंवा ६० चित्रे घेतात. असा कॅमेरा पुण्याच्या सभागृहात सुरू केला की चित्रावर आडवे पट्टे फिरतात किंवा सगळे चित्र धडधडते. काही मॉडेलांत मेनूतून गती बदलता येते, अनेकांत येत नाही. शटरचा वेग हाताने १/१०० सेकंद ठेवता आला तर बराच त्रास टळतो. चार्जर दोन्हीकडच्या विजेवर चालतो. पिनेचा अडॅप्टर घेतला की काम भागते.

दूरच्या झूममध्ये हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते. ऑप्टिकल स्थिरीकरण, म्हणजे हालचाल ओळखून भिंगांचा गट उलट दिशेने हलवणारी यंत्रणा, ही अनिवार्य मानावी. एएक्स५३ मध्ये तर लेन्स आणि सेन्सर मिळून अख्खा भागच तरंगता ठेवलेला आहे. तरीही दोन तासांचा कार्यक्रम हातात धरून चित्रित होत नाही, ट्रायपॉड लागतोच. फोटोचा हलका ट्रायपॉड वळवताना झटके देतो, म्हणून डोके सावकाश वळणारा, व्हिडिओसाठीचा ट्रायपॉड घ्यावा.

सलग चित्रण हे कॅमकॉर्डरचे जुने बलस्थान आहे. अनेक स्टिल कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. अर्ध्या तासाहून अधिक सलग चित्रण करणारे यंत्र युरोपीय संघाच्या आयातकरात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा कर बसे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. कॅमकॉर्डरला ती नाही. कार्डात जागा आणि बॅटरीत जीव असेपर्यंत तो चालतो. सोबत मिळणारी बॅटरी बहुधा सर्वांत लहान असते. त्याच कंपनीची मोठी बॅटरी वेगळी घेणे हा खर्च वाया जात नाही.

आवाजाकडे खरेदीच्या वेळी फारसे कुणी पाहत नाही, आणि घरी चित्रण लावल्यावर पहिली तक्रार त्याचीच असते. कॅमेऱ्यातला माइक रंगमंचापासून वीस मीटरवर आणि शेजारच्या खुर्चीतल्या खोकल्यापासून अर्ध्या मीटरवर असतो. झूम केल्याने चित्र जवळ येते, आवाज तिथेच राहतो. बाहेरचा माइक जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरची खाच असलेले मॉडेल यासाठी घ्यायचे. सर्वांत स्वस्त मॉडेलांत ती बहुधा नसते. साउंडवाल्याकडून मिक्सरचा ‘आउट’ मागून तो कॅमेऱ्यात घेण्याची युक्ती चांगली आहे, पण मिक्सरची लाइन माइकच्या खाचेला फार जोरकस पडते आणि आवाज फाटतो. मधे तो खाली आणणारी, म्हणजे अॅटेन्युएटर असलेली केबल लागते. हेडफोनची खाच असेल तर हे कार्यक्रमाआधीच कळते.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. एव्हीसीएचडी या पद्धतीत २४ मेगाबिट वेगाने ताशी सुमारे ११ जीबी लागतात; ४के चित्रणात ६० मेगाबिटला २७ जीबी आणि १०० मेगाबिटला ४५ जीबी. १०० मेगाबिटसाठी कार्डावर यू३ ची खूण असावी. एव्हीसीएचडीमध्ये लांबलचक चित्रणाचे २ किंवा ४ जीबीचे तुकडे पडतात. त्यातल्या फायली एकेक करून उचलल्या तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो. संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवून कंपनीच्या सॉफ्टवेअरने तुकडे जोडले की हा दोष येत नाही. मूळ फोल्डरच्या दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

जुन्या बाजारात मिनीडीव्ही कॅसेटचे कॅमेरे स्वस्तात दिसतात. १९९५ मध्ये आलेली डीव्ही पद्धत आपल्या काळात उत्तम होती, पण तिची कॅसेट संगणकात उतरवायला फायरवायर जोडणी लागते आणि ती आताच्या संगणकांत मिळत नाही. छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरे तर अजिबात घेऊ नयेत. त्या ८ सेंटिमीटरच्या तबकडीत १.४ जीबीच मावतात. घरात जुन्या कॅसेटी असतील तर चालता कॅमेरा हाताशी आहे तोवर त्या उतरवून घ्याव्यात.

दुकानात जाताना स्वतःचे कार्ड न्यावे. दुकानाच्या आतल्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यात पूर्ण झूम करून दोन मिनिटे चित्रण करावे, झूमचा खटका अगदी हळू दाबून पाहावा, कुणाला तरी दूर उभे राहून बोलायला सांगावे आणि तेच चित्रण घरच्या टीव्हीवर लावून पाहावे. बिल आणि भारतात लागू असलेली वॉरंटी तपासावी, कारण आता मोजक्याच कंपन्या घरगुती कॅमकॉर्डर करतात आणि दुरुस्तीची ठिकाणेही कमी उरली आहेत. वर्षातून एकदाही सभागृहात किंवा मैदानावर चित्रण होणार नसेल तर कॅमकॉर्डर घेऊच नये. होणार असेल आणि पैसे मोजके असतील, तर ४केचा हट्ट सोडून माइकची खाच असलेले फुल एचडी मॉडेल, मोठी बॅटरी आणि ट्रायपॉड एवढे एकदमच घ्यावे.