जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वांती : औषधी प्रतिबंध

जबड्याची ठेवण सुधारण्यासाठी किंवा मोडलेले हाड जुळविण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मळमळ व वांती (उलटी) होऊ नये म्हणून करण्यात येणारी औषधयोजना. या शस्त्रक्रियेनंतर कित्येकदा वरचे व खालचे दात तारांनी वा रबरी कड्यांनी एकमेकांस बांधतात. अशा वेळी वांती झाल्यास जठरातील द्रव श्वासमार्गात शिरून रुग्ण गुदमरण्याचा धोका असतो. तसेच जखमेवर ताण पडून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून येथे उपचारापेक्षा प्रतिबंधास अधिक महत्त्व आहे.

कारणे : गिळल्या गेलेल्या रक्ताने जठराचा क्षोभ होतो. हुंगविण्याची शुद्धिहारके व अफूजन्य वेदनाशामके यांमुळेही वांतीची प्रतिक्षेपी क्रिया उद्दीपित होते [⟶ शुद्धिहरण]. प्रौढांमधील धोक्याचा अंदाज करण्यासाठी ख्रिस्तियान आप्फेल व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये चार घटकांवर आधारलेली गणनपद्धती मांडली : स्त्रीत्व, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर वांती झालेली असणे वा प्रवासात मळमळणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य औषधे द्यावी लागणे. यांपैकी एकही घटक नसल्यास धोका सु. १०%, तर चारही असल्यास सु. ८०% असतो.

औषधे : वांतीचे संदेश निरनिराळ्या ग्राहींमार्फत पोहोचत असल्याने एकच औषध पुरेसे पडत नाही, भिन्न ग्राहींवर कार्य करणारी दोन वा अधिक औषधे एकत्र योजतात. डेक्सामेथासोन (४ ते ८ मिग्रॅ.) सावकाश गुण देते, म्हणून ते भूल देताच टोचतात, त्याने चेहऱ्याची सूजही कमी होते. सिरोटोनिनास रोधणारे ऑन्डान्सेट्रॉन (४ मिग्रॅ.) शस्त्रक्रिया संपता संपता नीलेतून देतात. धोका अधिक असल्यास ॲप्रेपिटंट शस्त्रक्रियेपूर्वी पोटात देतात. वायूंऐवजी प्रोपोफॉलने भूल दिल्यास आणि पॅरासिटामॉल व स्थानिक बधिरीकरण यांच्या साहाय्याने अफूजन्य औषधांचे प्रमाण घटविल्यास वांतीचा संभव आणखी कमी होतो.

दक्षता : डेक्सामेथासोनामुळे मधुमेही रुग्णांच्या रक्तातील साखर वाढते, तर ऑन्डान्सेट्रॉनमुळे हृदयाच्या विद्युत् क्रियेत बिघाड संभवतो. प्रतिबंध करूनही वांती झाल्यास, सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा न देता वेगळ्या गटातील औषध देतात. घशात ठेवलेली पट्टी आठवणीने काढणे, जठरातील रक्त नळीने शोषून घेणे व बांधलेल्या तारा कापण्याची कात्री रुग्णाच्या उशाशी ठेवणे, ही कामे औषधांइतकीच आवश्यक असतात.