पहिली ट्रायथलॉन : नवोदितांसाठी पूर्वतयारी

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन टप्पे याच क्रमाने, सलग पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तिचा ऑलिंपिकमध्ये समावेश आहे. ऑलिंपिक प्रकारात ही अंतरे अनुक्रमे १.५, ४० आणि १० किमी असतात. तुम्ही त्याच्या निम्म्या, म्हणजे स्प्रिंट प्रकारापासून सुरुवात करा : ७५० मीटर, २० किमी आणि ५ किमी.

१. पोहणे : वेळेच्या दृष्टीने हा सर्वांत छोटा टप्पा, पण जिवाला धोका इथेच अधिक. खुल्या पाण्यात तळावरची रेघ दिसत नाही, धरायला कठडा नसतो. म्हणून जाणकाराच्या सोबतीने खुल्या पाण्यात आधी सराव करा. अधूनमधून डोके वर काढून दिशा पाहायला शिका. शर्यतीत गर्दीच्या कडेने पोहा. दम लागल्यास उताणे तरंगा आणि हात वर करून मदत मागा.

२. संक्रमण : टप्पा बदलताना लागणारा वेळही एकूण वेळेत मोजला जातो. तरी घाई नको. हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकल स्टँडवरून काढायची.

३. धावणे : सायकलवरून उतरताच पाय जड वाटतात, कारण स्नायू थकलेले असतात आणि हालचालीची लय एकदम बदलते. आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच १०-१५ मिनिटे धावा. हळूहळू सवय होते.

सायकल आणि धावण्यात थकलात तर थांबता येते, पाण्यात तसे नाही. म्हणून ७५० मीटर न थांबता पोहता येऊ लागल्यावरच नाव नोंदवा.