प्लेटलेट्स देताना भीती नेमकी कशाची?

पावसाळा सरता सरता मुंबई-पुण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि मोबाइलवर निरोप फिरू लागतात: अमुक रक्तगटाचा दाता हवा, एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनने घेतलेल्या प्लेटलेट्स) द्यायचे आहे, तातडीने संपर्क साधा. एरवी आनंदाने रक्तदान करणारी माणसेही हा निरोप वाचून थबकतात. तास-दीड तास मशीनला जोडून घ्यायचे, रक्त बाहेर जाऊन पुन्हा अंगात येणार. आपल्याच प्लेटलेट्स कमी पडल्या तर, काही संसर्ग झाला तर? शंका रास्त आहेत आणि त्या विचारायलाच हव्यात. पण माझे म्हणणे असे की ही सगळी काळजी भलत्याच ठिकाणी खर्च होते. एखाद्या वेळी प्लेटलेट्स देणे निरोगी माणसासाठी अत्यंत सुरक्षित आहे. विचार करायला हवा तो वारंवार देणाऱ्यांचा, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

आधी पहिल्या शंकांचे पाहू. मशीन दात्याच्या शिरेतून थोडे थोडे रक्त घेते, ते वेगाने फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स बाजूला काढते आणि तांबड्या पेशी व बहुतेक प्लाझ्मा परत देते. रक्त ज्या नळ्या-पिशव्यांतून वाहते ते किट सीलबंद, निर्जंतुक असते आणि एकदाच वापरून टाकून दिले जाते; मशीनच्या भागांना रक्ताचा स्पर्शच होत नाही. त्यामुळे आधीच्या दात्याचा आजार आपल्याला लागण्याची वाट उरत नाही. प्लेटलेट्स कमी पडण्याचे म्हणाल, तर मुळात ज्याच्या रक्तात मायक्रोलिटरमागे किमान दीड लाख प्लेटलेट्स आहेत त्यालाच बसवले जाते. एका वेळी साधारण पाव हिस्सा घटतो. अडीच लाखांवरून आकडा दोन लाखांच्या आसपास आला तर शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण आपोआप रक्तस्राव होण्याची भीती असते ती दहा-वीस हजारांच्या खाली. शिवाय एरवीही शरीरातल्या सुमारे एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत साठलेल्या असतात, प्रत्येक प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस जगते आणि अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज नव्या घडवते. काही दिवसांत आकडा पूर्ववत होतो.

मग त्रास होतच नाही का? होतो, आणि तो सांगितला पाहिजे. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. परत येणाऱ्या रक्ताबरोबर यातले काही सायट्रेट दात्याच्या अंगात जाते आणि तिथलेही मोकळे कॅल्शियम थोडा वेळ घटते. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटांची टोके झिणझिणतात, कधी थंडी वाजल्यासारखे होते. तेवढ्यावर सांगितले तर तंत्रज्ञ मशीनचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी चघळायला देतात आणि बहुतेकदा काही मिनिटांत बरे वाटते. यकृत आणि स्नायू सायट्रेट भराभर संपवतात. न सांगता सोसत बसले तर मात्र हातापायांत गोळे येऊ शकतात, आणि क्वचित हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणजे इथे दात्याने बोलणे हाच सुरक्षेचा भाग आहे. याखेरीज सुईच्या जागी काळेनिळे पडणे, हात दुखणे, चक्कर येणे हे साध्या रक्तदानातही होणारे त्रास इथेही होतात. उपाशीपोटी जाऊ नये, पाणी भरपूर प्यावे, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर लपवू नये; ॲस्पिरिनने प्लेटलेट्स निकामी होतात आणि त्या रुग्णाच्या उपयोगी पडत नाहीत.

आता वारंवार देण्याचा प्रश्न. आपल्या राष्ट्रीय निकषांनुसार दोन वेळांत किमान ४८ तासांचे अंतर हवे, आठवड्यात दोनदांपेक्षा आणि वर्षात २४ वेळांपेक्षा जास्त देता येत नाही. ही मर्यादा प्लेटलेट्स भरून येण्याच्या हिशेबाने योग्यच आहे. पण मशीन फक्त प्लेटलेट्स काढत नाही. रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून काही मशीनच्या किटमध्ये पांढऱ्या पेशी अडवणारा एक कक्ष असतो, आणि त्यात दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पेशी, अडकून राहतात. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी अशाच मशीनवर प्लेटलेट्स देणाऱ्या ६० दात्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. वर्षात एकदा-दोनदा देणाऱ्या २० जणांपैकी कोणाच्याही सीडी४ पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) मायक्रोलिटरमागे २०० च्या खाली नव्हत्या. २० ते २४ वेळा देणाऱ्या २० जणांपैकी सहा जणांच्या होत्या. ही माणसे वरकरणी ठणठणीत होती, आणि एचआयव्हीच्या रुग्णात हाच आकडा चिंतेचा मानला जात असला तरी तोच अर्थ इथे लावता येत नाही. तरीही स्वीडनमधल्या देशव्यापी नोंदींत वारंवार देणाऱ्यांमध्ये काही संसर्गांचा धोका वाढलेला आढळला आहे, तेव्हा हा विषय झटकून टाकण्याजोगा नाही. उलट, सायट्रेटमुळे हाडे ठिसूळ होतील ही भीती मात्र आजवरच्या अभ्यासांत टिकलेली नाही. स्वीडनमध्येच वारंवार दात्यांच्या हाडमोडीचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. लोहाचे तसे नाही. दर वेळी किटमध्ये आणि तपासणीच्या नमुन्यांत थोडे थोडे रक्त जाते, आणि मुळात लोह कमी असलेल्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, ते जाणवू शकते.

हे सगळे सांगितले तर आधीच थोडे असलेले दाते पळतील, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. ओठांना मुंग्या येणार हे ज्याला आधी कळलेले नसते, तोच घाबरून पुन्हा फिरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्याकडे वर्षात २४ वेळा देणारे असतात किती? फार नसतील. पण नातेवाइकांची धावपळ सुरू झाली की फोन जातो तो नेहमीच्याच, ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाला, म्हणून भार मोजक्या खांद्यांवरच पडतो. प्लेटलेट्स २० ते २४ अंश तापमानात, सतत हलवत ठेवून पाचच दिवस टिकतात. साठा करून ठेवता येत नाही, म्हणून या माणसांची गरज दर आठवड्याला नव्याने उभी राहते. आणि देणाऱ्याला स्वतःला काहीच वैद्यकीय लाभ नसल्याने, त्याने पत्करलेला छोटासा धोकाही खऱ्या गरजेसाठीच असायला हवा. डेंग्यूत निव्वळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट्स मागवल्या जातात; पण सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत वीस हजारांपर्यंत आकडा उतरलेल्यांना आगाऊ प्लेटलेट्स देऊन रक्तस्राव टळला नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. केमोथेरपीने त्याची अस्थिमज्जाच थंडावलेली असते आणि त्याला या पिशव्या आठवडेच्या आठवडे लागतात. घाईगर्दीत गोळा केलेले दाते अशा रुग्णाला पुरे पडत नाहीत. त्याच्यासाठी रक्तपेढीकडे नियमित दात्यांची मोठी यादी हवी आणि पाळी सर्वांत वाटली जायला हवी.

त्या दात्यांवर लक्ष ठेवायला वेगळा खर्चही फारसा येत नाही. मशीनवर बसवण्याआधी प्लेटलेट्स मोजण्यासाठी प्रत्येकाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होतोच, आणि हिमोग्लोबिनबरोबर लिम्फोसाइटचा आकडाही सहसा त्याच कागदावर छापलेला असतो. आज त्यातल्या प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन पाहून कागद बाजूला पडतो. वर्षात आठ-दहा वेळा येणाऱ्या दात्याचे हे आकडे एकाखाली एक लिहिले, ते त्याला दाखवले आणि लिम्फोसाइट किंवा हिमोग्लोबिन घसरताना दिसले तर त्याला काही महिने थांबवले, एवढे कोणत्याही रक्तपेढीला उद्यापासून करता येईल.