नकाराचा हिशेब

अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. शहरातून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरकडे जाते. या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला होता. अशा पट्ट्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराला घराजवळच उत्तम पगाराची नोकरी चालून आली. मात्र तेथील सांडपाणी प्रक्रियेविना सोडले जाते, असे त्याला समजले, तर त्याने काय करावे? नकार द्यावा, हे सांगणे सोपे. तो नकार टिकतो कसा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर मराठी समाजाने पूर्वी शोधले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि १८८० मध्ये टिळकांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकरांनी विद्यार्थिदशेतच, आपल्याकडून मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आईला पत्राने कळविले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि या त्यागाला नियमांची चौकट मिळाली. आजीव सदस्याने वीस वर्षे सेवा द्यायची आणि दरमहा सुमारे ७५ रुपयांत भागवायचे. १८९९ मध्ये केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपेही याच अटींवर फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

या व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या: ठरलेली किमान रक्कम, ठरलेली मुदत आणि तोच मार्ग पत्करलेले सहकारी. तरीही मोह संपला नाही. सदस्यांनी बाहेरची कामे आणि कमाई करावी की नाही, यावरून वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. म्हणजे नकार एकदा देऊन भागत नाही. त्याची मर्यादा पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

मोरिवलीच्या पदवीधरामागे अशी संस्था नसते. घराचा हप्ता आणि आईवडिलांचे औषधपाणी मात्र असते. म्हणूनच नोकरी चालून येण्यापूर्वीच त्याने घरच्यांसोबत बसून दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती रुपयांत घर चालते आणि कोणते काम कोणत्याही पगारावर करायचे नाही. पहिला आकडा ठाऊक असला, तरच दुसऱ्या ओळीवर ठाम राहता येते.